मालवणला आईवडिलांना नेताय? आधी तिथी बघा, मग पॅकेज

डिसेंबरात तीन दिवस मालवण, सोबत सत्तरीपुढचे आईवडील, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, आणि एजंट म्हणतोय सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड सगळं एका दिवसात उरकू. हा घोळ चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून लिहितेय. कुडाळला उतरायचं, नाताळच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

एजंट वेळा लावतो त्या त्याच्या गाडीच्या सोयीने. भरती-ओहोटीचा त्यात विचारच नसतो, आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात ते नेमके तिथेच. भरतीला होडीची कड जेटीच्या पायरीला जवळपास टेकते, खांद्याचा आधार दिला की आजी चढतात. ओहोटीला तीच होडी खाली बसते, एरवी पाण्यात असणाऱ्या शेवाळी पायऱ्या उघड्या पडतात, शिवाय होडी हलत असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून उतरवायला दोन धडधाकट माणसं लागतात. किल्ल्याच्या बाजूला उतरतानाही तेच. तिकिटं काढून जेटीवरच बसून राहिलेले आजोबा दर सुट्टीत दिसतात.

याची चौकशी करायला एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. फोन उचललाच तर उत्तर ठरलेलं: 'बोटी सकाळपासून सुरू असतात.' भरती किती वाजता विचारलं तर 'तिथे आल्यावर बघा'. जेटीवरच्या कुठल्याही होडीवाल्याला जे तोंडपाठ असतं ते पगारी माणसाला सांगता येऊ नये? असो.

कोकणातला जुना हिशोब वापरा. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, अडीचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज आहे हं, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आदल्या संध्याकाळी होडीवाल्याकडून पक्कं करून घ्या.

एकादशी-द्वादशीच्या आसपास गेलात तर सकाळी भरतीला किल्ला होतो आणि दुपारी ओहोटीला त्सुनामी आयलंड. तो वाळूचा पट्टा भरतीला पाण्याखाली जातो, त्यामुळे तिथे उलट ओहोटीच हवी. अष्टमीला सगळंच बिनसतं: भरती सकाळी सहालाच, ऐन दुपारी ओहोटी, आणि भांग (पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असण्याचे दिवस) असल्याने पाणीही फारसं हटत नाही.

किल्ल्यावर साधारण तासभर मिळतो आणि नेलेल्या होडीनेच परतायचं असतं. शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी एवढं निवांत बघा. तटावरून पूर्ण फेरी मारायचा हट्ट आईवडिलांसोबत नको, तिथे सावली नाही. लाईफ जॅकेटचे पट्टे लहानग्याला नीट बसतात का ते होडी सुटण्याआधी तपासा. मोठ्यांचं जॅकेट अंगावर अडकवून देतात आणि ते पाण्यात वर सरकतं.

स्कूबा सकाळीच. दुपारी खारा वारा सुटला की पाणी ढवळतं, पैसे देऊन गढूळ हिरवं बघावं लागतं. थोरल्याला चालेल, पण सर्दी असेल तर नाहीच, कान मोकळे होत नाहीत. धाकट्याला 'चालतं हो' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दमा, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. परत विमानाने जाणार असाल तर स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका.

राहण्याबद्दल माझं मत एकांगी आहे: गावात किंवा चिवला बीचजवळ राहा. देवबाग सुंदर आहे, पण एका बाजूला कर्ली खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मधून अरुंद रस्ता. सुट्टीत तो तुंबला की रात्री डॉक्टर गाठायचा कसा?

जाता जाता: कोकम आगळ आणि कोकम सरबत यांत गल्लत करू नका, सोलकढीला आगळच लागतं. बाटलीचं झाकण पिशवीने आवळून बांधा, रेल्वेच्या डब्यात सांडलं तर कपड्यांचे डाग जात नाहीत.