जुन्या कॉमिक्सचं पुनर्मुद्रण बघताना काहीतरी बिघडल्यासारखं का वाटतं? घरच्या अंकांच्या प्रती कशा काढाव्यात?

तुम्ही लिहिलंय की रात्री उशिरा टीव्हीवर लागणारे जुने कृष्णधवल चित्रपट आणि जुन्या कॉमिक्सच्या नव्या गुळगुळीत आवृत्त्या, दोन्ही बघताना डोळ्यांना खटकतं. खटकणारच. दोन्हीकडे मूळ चित्राला हात लावलेला असतो.

टीव्हीचं आधी उरकतो. त्या चित्रपटांची चौकट साधारण ४:३ असते आणि आजचा पडदा १६:९. बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र आडवं ताणतात, मग माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. नाहीतर वरखाली छाटतात, मग पाव उंची जाते. बैलगाडीचं चाक आलं की बघा. अंड्यासारखं दिसलं तर ताणलंय. चाक गोल आहे, पण उभ्या माणसाचा फेटा कापला गेलाय, तर छाटलंय. ताणणं कधीकधी तुमच्याच सेट-टॉप बॉक्सचं काम असतं, त्याच्या सेटिंगमध्ये ४:३ करून पाहा. छाटलेल्याला घरी इलाज नाही.

आता कॉमिक्स. निपाणीच्या एका गृहस्थांनी ‘इंद्रजाल’ या कॉमिक्स मालिकेचे मराठी अंक एकत्र बांधलेला खंड बेळगावात एका ठिकाणी प्रती काढायला दिला होता. तिथे खंड न उसवता, ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० बिंदू), ‘ऑटो कलर’ चालू ठेवून स्कॅन केलं आणि १३० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) गुळगुळीत आर्ट पेपरवर छापून दिलं. वेताळाच्या, म्हणजे त्या अंकांतल्या ‘फँटम’ या नायकाच्या, गालावर चटईसारखी वीण उमटली होती. जंगलाच्या सावल्यांतले ब्रशचे बारीक फटकारे एकमेकांत मिसळून काळे डाग झाले होते. शिवणीकडच्या संवादाच्या फुग्यांतली कडेची अक्षरं पुसट. कागद मात्र पांढराफट्ट! ते काम मग माझ्याकडे आलं, आणि प्रत्येक दोषाचं कारण वेगळं निघालं.

गालावरची वीण म्हणजे ठिपक्यांची टक्कर. मूळ पानावर भिंग धरलं की दिसतं, गालाचा रंग म्हणजे पिवळसर छटेवर विरळ गुलाबी ठिपके. हे ठिपके ठरावीक कोनांत बसवलेले असतात: काळा ४५ अंशांत, मॅजेंटा (गडद गुलाबी) ७५, सायन (आकाशी निळा) १५, पिवळा ९०. स्कॅनमध्ये ते जसेच्या तसे येतात आणि नवं छपाई यंत्र त्यांच्यावर आपले ठिपके घालतं. दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की तिसरी नक्षी दिसते, तसाच हा प्रकार. त्यावर दुकानदार स्कॅनरचं ‘डीस्क्रीन’, म्हणजे ठिपके पुसायचं बटण, दाबतो. त्याने वीण जाते, पण सोबत रेघही मऊ होते, कारण ते रंग आणि काळी रेघ दोन्ही सारखंच धूसर करतं. म्हणून रेघ आणि रंग आधी वेगळे करायला हवेत.

शिवणीकडचं पुसट होणं स्कॅनरमुळे. स्वस्त, पातळ स्कॅनर ‘सीआयएस’ नावाच्या सेन्सरचे असतात. कागद काचेपासून थोडा जरी उचलला तरी त्यांचा फोकस सुटतो. खंड उसवायचा नसेल तर जाड, ‘सीसीडी’ सेन्सरचा, सपाट काचेचा फ्लॅटबेड स्कॅनर लागतो. सुटा अंक असेल तर सेंटर पिनांचे पाय आतल्या बाजूने बोथट सुरीने उभे करा आणि पिना बाहेरून ओढून काढा. गंजलेली पिन सरळ ओढली तर कागदाचा तुकडा घेऊनच येते. ३२ पानी अंकात एका तावावर शेजारी-शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी ३३ येते, १ सोबत ३२, २ सोबत ३१. परत जुळवताना ते उपयोगी पडतं.

बारीक फटकारे मिसळू नयेत म्हणून स्कॅन ६०० डीपीआय, फाईल टिफ प्रकारची, ऑटो कलर बंद, शार्पन बंद. ए४ आकाराची एक फाईल साधारण १०० एमबी होते, तेवढी जागा ठेवा. पानामागे काळा कागद घाला, नाहीतर मागच्या पानाची अक्षरं झिरपून दिसतात.

आता रेघ. सायन शाई लाल प्रकाश खाते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. काळी तिन्ही खाते. म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल (रंगांचे थर) फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुटे करून ‘लायटन’ने (दोन्हींतलं उजळ तेवढं ठेवणारी सोय) एकमेकांवर ठेवले, की कुठल्या तरी एका चॅनेलमध्ये उजळ असलेलं सगळं पांढरं होतं आणि उरते फक्त काळी रेघ. वेताळाचा जांभळा पोशाख म्हणजे सायन आणि मॅजेंटा, तो निळ्या चॅनेलमध्ये उजळ दिसतो आणि गळून जातो. फसतं ते इथेच: पिवळा पडलेला कागद स्वतःच निळा प्रकाश खातो, त्यामुळे जांभळा पुरेसा उजळत नाही. निळ्या चॅनेलचे लेव्हल्स, म्हणजे उजळपणा, आधी वर घ्यावे लागतात. गडद तपकिरी रंगात तिन्ही शाया असतात, तो भाग हातानेच साफ करायचा. मग रेघेचा थर १२०० डीपीआयला वाढवून थ्रेशोल्ड द्या (ठरावीक आकड्यापेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं), आणि त्याचा आकडा सर्वांत दाट ब्रशकाम असलेल्या पानावर ठरवा. जास्त ठेवला तर सावल्या भरतात, कमी ठेवला तर पापण्या तुटतात.

खालच्या रंगाच्या थरालाच धूसर करायचं. मूळ स्क्रीन ६५ लाइनची, म्हणजे इंचाला ६५ ठिपक्यांची, असेल तर ६०० डीपीआयला एक ठिपका सुमारे ९ पिक्सेलचा पडतो, ४ ते ५ पिक्सेलचा ब्लर पुरतो. छापताना काळी रेघ निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार शायांचा काळा केला की रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, किंचित हललं तरी अक्षरांना लाल-निळी किनार दिसते.

आणि कागद. ‘काका, पांढरंफट्ट केल्याशिवाय गिऱ्हाइकाला नवं वाटत नाही’ हे प्रती छापणाऱ्यांकडून मी कितीदा ऐकलंय, आणि दरवेळी सांगितलंय की हे चूक आहे. ते रंग न्यूजप्रिंटसाठी, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदासाठी, निवडलेले होते. तो कागद शाई पितो, ठिपका पसरतो, रंग निवतो. शायांची तीच प्रमाणं आर्ट पेपरवर छापली की लाल किंचाळतो. ८० जीएसएमचा नॅचरल शेड मॅपलिथो (साधा, चकाकी नसलेला कागद) घ्या. निपाणीचं काम त्यावरच छापलं आणि वेताळ जागेवर आला. संगणकाआधी अमेरिकेत ग्रेग थीकस्टन जुन्या पानांवरचा रंग रसायनाने उडवून फक्त रेघ मिळवायचे. त्यात मूळ प्रत कायमची जायची, तरी त्यांनाही हवी होती ती रेघच, कागदाचं पांढरेपण नव्हे.

मजकुरालाही हेच लागू. ली फॉक यांनी १९३६ मध्ये आणलेल्या या नायकाचा देश मुळात बेंगाला, भारतीय अंकांत तो डेंकाली झाला. १९६४ ते १९९० इंद्रजाल निघत होतं तेव्हा आपण डेंकालीच वाचलं. पुनर्मुद्रणात कुणी ते ‘दुरुस्त’ करू नये.

विकत घेताना कुठली आवृत्ती घ्यावी, याचं नाव सांगण्यापेक्षा तपासणी सांगतो. गालावर भिंग धरा, केस आणि सावल्यांतल्या रेघा सुट्या आहेत का बघा, चौकटींच्या कडा कापल्यात का बघा. रंगछटा संगणकावर घोटून गोलाई आणली असेल तर ठेवून द्या.

हे सगळं घरच्या वापरापुरतं. वेताळाचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीकडे आहेत, प्रती विकायला काढू नका. कागद दुमडताच तुटत असेल तर पिना काढण्याच्या फंदातही पडू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. आणि खानापूरसारख्या भरपूर पावसाच्या भागात राहत असाल तर मूळ अंक पावसाळ्यात लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नका. फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा.