माझ्या नागालँडच्या मैत्रिणीला नेरूळच्या कॉलेजात सर भर वर्गात ‘चिनी’ म्हणतात. तक्रार कुठे करायची?

कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, लेखी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती असणं बंधनकारक आहे आणि अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक, महिला अशा विद्यार्थ्यांची भेदभावाची तक्रार त्या नियमांत थेट धरली आहे. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. अर्ज मात्र तिच्याच सहीने जायला हवा. ‘सर त्रास देतात’ एवढं मोघम लिहू नका. तारीख, तास, नेमके शब्द आणि तेव्हा वर्गात कोण होतं ते लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. साक्षीदार म्हणून तुम्ही स्वतः नाव द्या. परक्या गावात एकट्या पडलेल्या मुलीला याचा फार आधार असतो, आणि ‘मस्करी केली’ हा बचावही टिकत नाही. एक लक्षात ठेवा: रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून वंश आणि प्रदेशावरून होणारा छळही येतो, पण तो मार्ग विद्यार्थीच त्रास देत असतील तेव्हाचा. इथे शिक्षक आहेत, म्हणून समितीच गाठा.