एक नोव्हेंबरची संध्याकाळ

ताई, मी २९ वर्षांचा. बेळगावात टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. गिटार वाजवतो. अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनो म्हणजे माझा देव. तो वारला २०२१ साली, नेमका १ नोव्हेंबरला. १९५६ साली याच तारखेला बेळगाव कन्नड राज्यात घातलं, म्हणून त्या दिवशी आमच्या घरी काळा दिवस पाळतात. शाळेत असल्यापासून मी बाबांबरोबर काळी फीत लावून सायकल फेरीला जातो. पण आता संध्याकाळी 'दुकानात जाऊन येतो' सांगून मित्राच्या खोलीवर जातो आणि आम्ही दोघं मार्टिनो ऐकतो. मित्र कन्नड आहे, जॅझची गोडी त्यानंच लावली. गेल्या वर्षी बाबांना कळलं. म्हणाले, "आजच्या दिवशी तुला कुणा परक्याचं सुतक?" तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. कधी न भेटलेल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी येणं हा खुळेपणा आहे का?

*

मुळीच नाही रे. ज्याच्या ओळी बोटांत बसाव्यात म्हणून तू रात्री जागवल्यास, तो तुला परका कसा असेल? २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, तेव्हा आपल्याकडे किती घरांत घास गिळवला नव्हता. त्यातली कितीशी माणसं त्यांना भेटली होती? तुझं दुःख खरं आहे. कुणाला पटवत बसू नकोस.

आता बाबांचं. १९५६ पासूनची ती तारीख त्यांच्यासाठी काय आहे, हे मी तुला सांगायला नको. फेरीत त्यांच्या शेजारी सायकल चालवणारे काही जण आज नसतील. म्हणजे त्या दिवशी तेही कुणाकुणाला आठवतच असतात. मला वाटतं, त्यांना मार्टिनोपेक्षा ते दुकानाचं निमित्त जास्त लागलं. ते आधी बंद कर. सकाळी फेरीला जा, आणि संध्याकाळी कुठं जाणार आहेस ते खरं सांगून जा.

पण त्याआधी त्यांना मार्टिनोची गोष्ट सांग. सांगितली आहेस का कधी? हा फिलाडेल्फियाचा मुलगा, वडील क्लबांत गाणारे. पंधराव्या वर्षापासून गिटारवर पोट भरू लागला. जाड तारांवर न तुटणाऱ्या, वेगवान, लांबच लांब ओळी वाजवायचा. पुढं मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या दोषानं झटके येऊ लागले आणि १९८० मध्ये शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आला तेव्हा आईवडिलांचीही ओळख उरली नव्हती, गिटार तर दूरच. वडील घरात त्याच्याच जुन्या रेकॉर्डी लावायचे. त्या मुलाच्या कानावर पडायच्या, आणि हे आपणच वाजवलंय हे त्याला आठवत नसे. तरी वडिलांनी लावणं सोडलं नाही. हळूहळू त्यानं स्वतःच्याच रेकॉर्डी ऐकत गिटार पुन्हा शिकून घेतली आणि १९८७ मध्ये 'द रिटर्न' ही न्यूयॉर्कमधल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आली. ही मुलाइतकीच वडिलांचीही गोष्ट आहे. तुझ्या बाबांना ती कळेल, जॅझ नाही कळला तरी.

आणि कुमार गंधर्व तर त्यांना ठाऊक असतीलच. आपल्या सुळेभावीत जन्मलेले. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि उठले ते अगदी वेगळंच गाणं घेऊन. मार्टिनो कोण होता हे बाबांना सांगायला यापेक्षा जवळची वाट मला दिसत नाही. कुमारांच्या घरची भाषा कन्नड होती. त्यांचे अभंग ऐकताना आपल्यातल्या कुणाच्या ते मनातही येत नाही. हे बाबांना तू ऐकवू नकोस, वाद होईल. स्वतःपुरतं ध्यानात ठेव, कारण मित्राबद्दल तुझ्या पत्रात जो चोरटेपणा आहे तो मला बरा वाटला नाही. त्यानं तुला एवढं मोठं धन दिलं, आणि तू त्याच्याकडे लपून जातोस.

एक नोव्हेंबरला मात्र त्याला घरी आणायचा हट्ट करू नकोस. बाबांचा तो दिवस त्यांचा राहू दे. शिवाय रात्री कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीनं चन्नम्मा चौक तुंबलेला असतो, त्याचीही त्या दिवशी घरची माणसं असतील. मार्टिनोचा जन्म २५ ऑगस्टचा, १९४४ सालचा. त्या दिवशी मित्राला जेवायला बोलाव. आईला आधी सांगून ठेव. जेवणं झाली की दोघं मिळून काहीतरी वाजवा, त्याच्यासारखं येत नसलं तरी. मार्टिनोसुद्धा लहानपणापासून जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीवर जीव टाकायचा, आणि २००६ मध्ये, वेसला जाऊन ३८ वर्षं झाल्यावर, त्यानं त्याच्या आठवणीत आख्खी ध्वनिमुद्रिका केली. त्यात वेसची नक्कल नाही, वाजतो तो मार्टिनोच.

बाबा बाहेर येऊन बसले तर ठीक, नाही बसले तरी दार लावून घेऊ नकोस. काय झालं ते मला कळव.