एफडीचं व्याज उतरलं म्हणून सगळे 20 लाख शेअरमध्ये टाकायचे का?

नमस्कार काका,

तुमचं पत्र नीट वाचलं. वय 62, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर, नागपूरला मानेवाड्यात स्वतःचं घर, रोजचा खर्च पेन्शनमध्ये निघतो आणि 20 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होऊन राहिली. जुना रेट 7.5 टक्के होता, आता बँक 6.5 म्हणते. मिहानमध्ये नोकरीला असलेला तुमचा मुलगा म्हणतो की व्याजदर उतरले की मार्केट चढतं, म्हणून सगळे पैसे आत्ताच शेअरमध्ये टाका. आणि पोरीचं लग्न पुढच्या वर्षी आहे, त्याला 5 लाख लागतील, हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, माझ्यासाठी तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धं आहे. कर्ज स्वस्त झालं की कंपन्यांचा व्याजाचा खर्च वाचतो, लोक घर-गाडी घेतात, एफडीतला पैसा शेअरकडे वळतो, हे सगळं खरं, पण हे सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून भावात बरंचसं आधीच आलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने 7 फेब्रुवारी 2025 ला रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) 6.5 वरून 6.25 केला आणि त्यानंतरही मार्चच्या सुरुवातीपर्यंत निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) घसरतच होता. उलट 4 मे 2022 ला महागाईमुळे अचानक रेट वाढवला, सेन्सेक्स त्या दिवशी 1,300 पॉइंट पडला, रेट पुढेही वाढत गेले, तरी त्याच वर्षी डिसेंबरात निफ्टीने नवा उच्चांक केला. म्हणजे रेपो बघून एका वर्षाच्या पैशाचा निर्णय घेता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,400 च्या आसपास होता, 23 मार्चला 7,610, म्हणजे लग्नाचे 5 लाख त्यात असते तर हॉल आणि कॅटरिंगवाल्याला पैसे द्यायच्या वेळी साधारण 3 लाख उरले असते, आणि लग्नाची तारीख काही मार्केट वर यायची वाट बघत नाही.

आता व्याजाचं बघू. 20 लाखांवर एक टक्का कमी म्हणजे वर्षाला 20,000, महिन्याला 1,666 रुपये. एवढ्यासाठी सगळी पुंजी पणाला लावायची गरजच नाही काका! सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये सध्या 8.2 टक्के आहे, टाकल्या दिवशीचा रेट पाच वर्षं बदलत नाही. त्यात 12 लाख टाकले तर दर तिमाहीला 24,600 येतील (टॅक्स लागतो, एफडीसारखाच), आणि तेच 12 लाख 6.5 च्या एफडीत ठेवले असते त्यापेक्षा महिन्याला 1,700 जास्त. जेवढं गेलं तेवढं इथेच परत आलं.

महागाईची भीती तुम्ही लिहिली, तेलाचा डबा, डाळ, दवाखाना, ती खरीच आहे. 6 टक्क्याने भाव वाढले तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि एफडीचं व्याज तिथल्या तिथे राहतं. पण तुमच्या पेन्शनवर महागाई भत्ता आहे, तो वाढत जातो, प्रायव्हेटमधून रिटायर झालेल्या बऱ्याच लोकांकडे हे नाही. मला खरी काळजी वाटते ती काकूंची. त्या तुमच्यापेक्षा लहान आहेत, तुमच्यामागे फॅमिली पेन्शन बरीच कमी मिळेल आणि तेव्हाच दवाखान्याचा खर्च जास्त असेल. शेअर बाजार हवा तो त्या काळासाठी, दहा-बारा वर्षं हात न लावता. म्हणून 3 लाख, त्याहून जास्त नाही, तेही एकदम नाही तर लिक्विड फंडात (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायचा, फार चढउतार नसलेला फंड) ठेवून तिथून निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) महिन्याला 15,000 असे 20 महिने. मध्ये मार्केट पडलं तर थांबवू नका, त्याच महिन्यात तुम्हाला युनिट जास्त मिळतात. आणि या 20 लाखांशिवाय बँकेत असलेले तुमचे 2 लाख सेव्हिंगमध्येच राहू द्या, अडीअडचणीला.

लग्नाचे 5 लाख एक वर्षाच्या एफडीत, 6.5 मिळो की 6.25, तिथे व्याजावरून भांडू नका. उरलेले 12 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, वर सांगितलंच.

स्कीमचं खातं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत किंवा तुमच्या बँकेत उघडता येईल, काकूंना जॉइंट घ्या, आणि फंडाच्या फॉर्मवरही सेकंड होल्डर म्हणून त्यांचंच नाव टाका. मुलाला हे पत्र जरूर दाखवा, त्याला पटलं नाही तर दोघंही या, समोर बसून बोलू.