६४ कोअर, पण ६४ पट वेग नाही

प्रश्न : रस्त्यांच्या जाळ्यातील सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा, डायक्स्ट्रा पद्धतीचा प्रोग्रॅम मी ६४ कोअरच्या (एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ६४ गणन-केंद्रांच्या) संगणकावर चालवला, परंतु वेग फारसा वाढला नाही. माझे काय चुकले असावे?

उत्तर : चूक बहुधा आपल्या प्रोग्रॅममध्ये नसून पद्धतीच्या स्वभावात आहे. डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत उरलेल्या बिंदूंपैकी (इथे चौकांपैकी) आरंभबिंदूला सर्वांत जवळचा असा एकच बिंदू दर वेळी पक्का होतो आणि त्यानंतरच पुढचा ठरतो. म्हणजे एका कोअरचा निर्णय होईपर्यंत उरलेले ६३ बव्हंशी हात बांधून बसतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा दहावा हिस्सा जरी क्रमानेच करावा लागत असेल, तर कोअर कितीही वाढवले तरी वेग १० पटींपलीकडे जात नाही. ६४ कोअरवर तर तो नऊ पटींच्याही आतच राहतो.

यावर मेयर आणि सँडर्स यांची ‘डेल्टा-स्टेपिंग’ पद्धत आहे. ती अंतराचे टप्पे पाडते आणि एका टप्प्यातले सगळे बिंदू एकदम हाताळते. त्यात काही अंतरे मागाहून दुरुस्त करावी लागतात, म्हणजे थोडे काम फुकट जाते. पण समांतर संगणनात अशी उधळपट्टी पुष्कळदा परवडते, हे क्रमाने विचार करण्याची सवय असलेल्यांना पटायला जड जाते.

दुसरी अडचण मेमरीची. ग्राफमधले, म्हणजे बिंदू आणि त्यांना सांधणाऱ्या जोडण्यांच्या जाळ्यातले, शेजारी बिंदू मेमरीत एकमेकांशेजारी असतीलच असे नाही, त्यामुळे कॅशचा (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) उपयोग कमी होतो आणि कोअरचा वेळ आकडेमोडीपेक्षा माहितीची वाट पाहण्यात जातो. म्हणूनच २०१० पासूनची ‘ग्राफ ५००’ ही महासंगणकांची क्रमवारी सेकंदाला किती गणिते झाली हे न पाहता किती जोडण्या ओलांडल्या हे मोजते. त्यातही रस्त्यांचे जाळे विशेष अवघड असते : समाजमाध्यमांतील मैत्रीच्या जाळ्यात चार-पाच पावलांत लाखो बिंदू हाती येतात, तर एका चौकातून जेमतेम तीन-चार वाटा फुटतात, त्यामुळे पायऱ्या फार आणि प्रत्येक पायरीवर वाटून देण्याजोगे काम थोडे.

आपल्याला एकाच नव्हे तर अनेक आरंभबिंदूंपासूनचे मार्ग हवे असतील, तर मात्र डेल्टा-स्टेपिंगच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कोअरला स्वतंत्र आरंभबिंदू द्या आणि डायक्स्ट्रा पद्धत आहे तशीच चालवा. मेमरी पुरली, तर याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.