वाचक विचारतात : थ्रेशरवर ट्रॅक्टर तापतो, रेडिएटर बदलावा का?

प्रश्न : इंदूरजवळ सांवेर भागात आमची शेती आहे. ट्रॅक्टर 35 एचपीचा, चांगलाच जुना. रिकामी ट्रॉली घेऊन रस्त्याने जाताना काटा मधोमध असतो, पण सोयाबीनच्या थ्रेशरला लावला की तासाभरात लाल पट्ट्यात जातो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, तरी तेच. आता नवा रेडिएटर घ्या म्हणतात. आम्ही बोरिंगचंच पाणी भरतो.

उत्तर : इतक्यात घेऊ नका. पहिला संशय भुशावर. समोरची जाळी स्वच्छ दिसली तरी मागे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत भुशाचा थर बसलेला असतो. इंजिन थंड असताना जाळी काढा आणि पाणी पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा. समोरून मारलं तर कचरा आणखी आत रुततो. धार बेताची ठेवा, नाहीतर पत्रे वाकतात.

मग फॅन बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 ते 15 मिमी दबावा. कडा चकचकीत झालेला बेल्ट ताण बरोबर असूनही घसरतो, तो बदलाच.

रेडिएटरच्या कॅपकडे कोणी बघत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच, त्यामुळे इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 7 पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) कॅप धड असेल तर तेच 110 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं असेल तर कॅप बदला, पण तेवढ्याच पीएसआयची. जास्त दाबाची लावली तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात.

थर्मोस्टॅट परत बसवा. काही इंजिनांत तो नसला की बायपास उघडा राहतो आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. शंका असेल तर पातेल्यात पाण्यासोबत तापवून बघा : 82 चा शिक्का असेल तर त्या सुमाराला उघडू लागला पाहिजे.

थंड इंजिन कॅप काढून चालू करा. पाणी तापण्याआधीच सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय किंवा हेडला तडा आहे. तिथे नवा रेडिएटर काही करू शकत नाही.

राहिला बोरिंगच्या पाण्याचा क्षार. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही कॉक उघडून पाणी काढा (ब्लॉकचा हमखास विसरतात), क्षार काढणाऱ्या द्रावणाने धुवा, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. नंतर इंजिन तापवून बंद करा आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरवर हात फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्यात. तसं असेल तर आधी रिकोरिंगचा, म्हणजे जुन्या रेडिएटरचा आतला नळ्यांचा गाभा बदलण्याचा, भाव विचारा.