वाचकांचे प्रश्न : टाकलेल्या कॅनचा मुखवटा

प्रश्न : मी एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पेट्रोलच्या जुन्या प्लास्टिक कॅनपासून मुखवटे करणाऱ्या, पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशातल्या एका कलावंताच्या कामाचे छायाचित्र मी सातवीच्या वर्गात दाखवले. मुलांना मुखवटे फार आवडले. परंतु छायाचित्राखाली ‘वसाहतवादाच्या वारशाविषयीचे शिल्प’ असे छापलेले होते आणि त्याचा अर्थ मला त्यांना नीट सांगता आला नाही. टाकाऊतून टिकाऊ वस्तू आम्हीही करतो. मग त्यात आणि यात फरक कोणता? आमच्या गावात फवारणीच्या रिकाम्या डब्यांचा ढीग पडलेला असतो. पोळ्याच्या सुमारास त्यांचे असेच मुखवटे मुलांकडून करवून घ्यावेत, असा विचार आहे.
— एक शिक्षिका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी द्यायला हवे. फवारणीचे डबे कृपा करून मुलांच्या हाती देऊ नका. डबा कितीही विसळला तरी झाकणाच्या आट्यांत आणि प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध पूर्णपणे निघत नाही. म्हणूनच असे डबे तीनदा खंगाळून, भोके पाडून निकामी करावेत आणि पुन्हा कशालाही वापरू नयेत, असे सांगितले जाते. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या भागात कोणी विसरलेले नसेल. डबा कापताना उडणारा कीस मुलांच्या नाकातोंडात जाईल, हा धोका कोणत्याही कलाकृतीसाठी पत्करू नये. बियाण्यांची रिकामी पाकिटेही नकोत, कारण त्या बियाण्यालाही औषध चोळलेले असते.

आता मुखवट्यांकडे वळू. आपल्या वर्णनावरून ते रोमुआल्द हाझूमे यांचे काम दिसते. त्यांचा जन्म १९६२ मध्ये बेनिनमधील पोर्तो-नोव्हो येथे झाला. बेनिनच्या शेजारी नायजेरिया आहे. बेनिनवर फ्रान्सचे आणि नायजेरियावर ब्रिटनचे राज्य होते. दोघांच्या वाटणीत जी रेघ पडली तीच आज दोन देशांची सीमा आहे, आणि योरुबा लोकांची वस्ती त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे. तेल निघाले ते नायजेरियाच्या बाजूला. तेथे २०२३ पर्यंत सरकारी अनुदानामुळे पेट्रोल स्वस्त होते, म्हणून ते चोरट्या मार्गाने बेनिनमध्ये येऊ लागले आणि रस्त्याच्या कडेला बाटल्यांतून विकले जाऊ लागले. ते आणणारी माणसे दुचाकीला चहूबाजूंनी कॅन बांधतात. एका कॅनमध्ये जास्त पेट्रोल मावावे म्हणून ती विस्तवावर तापवून फुगवली जाते. फुगवल्यावर तिची भिंत पातळ होते, कधी ती वाटेतच फुटते आणि वाहणारा माणूस जळून मरतो. जी टिकते ती शेवटी फेकून दिली जाते.

हाझूमे ही फेकलेली कॅन उचलतात. तिची मूठ म्हणजे नाक होते आणि जेथून पेट्रोल ओतले जाते ते कॅनचे तोंड म्हणजे माणसाचे उघडे तोंड होते. (मडक्याला आणि पोत्यालाही तोंड असते, असे आपण मराठीत म्हणतोच, त्यामुळे मुलांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.) टाकाऊतून टिकाऊ करताना आपण वस्तूचा पूर्वेतिहास झाकतो, बाटलीची फुलदाणी झाल्यावर ‘ही बाटली होती हे ओळखूही येत नाही’ ही आपली शाबासकी असते. येथे नेमके उलट आहे. कॅन ओळखू आलीच पाहिजे. पाहणाऱ्याला आधी चेहरा दिसावा, मग कॅन दिसावी आणि मग दोन्ही एकच आहेत हे जाणवावे, अशी ती रचना आहे. शक्य तितके भरायचे, ताणता येईल तितके ताणायचे आणि निकामी झाल्यावर टाकून द्यायचे, ही कॅनची कहाणी माणसांचीही झाली होती, असे त्यांना सांगायचे आहे.

त्यांची गाजलेली रचना म्हणजे ‘ला बूश द्यु रुआ’. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘राजाचे मुख’ असा होतो. हे बेनिनच्या किनाऱ्यावरील एका ठिकाणाचे नाव आहे; तेथून गुलाम जहाजांत भरले जात. १९९७ ते २००५ या काळात पूर्ण झालेल्या या रचनेत असे ३०४ मुखवटे जमिनीवर ओळीने मांडलेले आहेत. त्यांची मांडणी हाझूमे यांनी ‘ब्रूक्स’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजाच्या नकाशावरून घेतली. गुलामांच्या व्यापाराला विरोध करणाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो नकाशा छापून वाटला होता, आणि माणसे गाठोड्यांसारखी कशी रचली जात ते पाहून इंग्लंडमधील लोक हादरले होते. मुखवट्यांमधून योरुबा आणि इतर भाषांतील आवाज ऐकू येतात. जवळ दारूच्या बाटल्या, कवड्या, मणी, तंबाखू असा माणसांच्या बदल्यात दिला जाणारा माल असतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ही रचना २००७ मध्ये, म्हणजे ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केल्याला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, आपल्या संग्रहात घेतली.

या जहाजाच्या एका टोकाला दोन मुखवटे आहेत, एक पिवळा आणि एक काळा. पिवळा गोऱ्या राजाचा आणि काळा बेनिनच्या राजाचा. दोघांच्या मध्ये तराजू आहे. आपलीच माणसे विकणाऱ्या आपल्याच राजालाही हाझूमे सोडत नाहीत, हे आम्हाला या रचनेतील सर्वांत धाडसाचे वाटते. पिवळा आणि काळा हे शब्द वाचताच विदर्भातल्या वाचकाला मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेले जाणारे पिवळे आणि काळे पुतळे, आठवेल. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु काळी मारबत इंग्रजांना सामील झालेल्या, भोसले घराण्यातील बाकाबाईच्या निषेधातून सुरू झाली, असे नागपुरात सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर जाणाऱ्या मुलांना, टाकाऊ वस्तूंतून चेहरा घडवून त्याच्यावर गावाचे दुःख लादणे म्हणजे काय, हे चांगले ठाऊक आहे.

राहिला ‘वारसा’ हा शब्द. मुले अडखळली असतील, कारण वारसा म्हटला की आपल्यासमोर काही तरी अभिमानाचे उभे राहते. त्यांना सातबारा दाखवा. बाप गेल्यावर जमीन जशी वारसाच्या नावावर चढते, तसा तिच्यावरचा बोजाही चढतो. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. रेल्वे आली, सरकी काढण्याचे कारखाने आले, रुईच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि विलायती कापड बाजारात आले. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वे ही कापूस नेण्यासाठीच ब्रिटिश कंपनीने घातलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके त्या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. राज्य गेले, पण बोजा उतरला नाही, तो असा.

म्हणून आमची सूचना अशी, की मुलांनी वस्तू निवडण्याआधी ती कोठून कोठे गेली हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. बारदाना, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), सरकीच्या ढेपेची पोती, जुनी मापे, गाठी आवळण्याच्या लोखंडी पट्ट्या या सर्वांनी कापसाचा प्रवास पाहिलेला आहे. पट्ट्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तेव्हा त्या वाकवण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

प्रश्न : आमचा भंगाराचा व्यवसाय आहे. आम्ही लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम किलोवर घेतो आणि किलोवर विकतो. अशाच भंगाराची शिल्पे परदेशात मोठ्या किमतीला जातात असे ऐकतो. यात कलावंताने नेमके काय केलेले असते?
— एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : याचे उत्तर एल अनात्सुई यांच्या कामातून नीट देता येईल. त्यांचा जन्म १९४४ मध्ये आजच्या घानामध्ये झाला. १९७५ पासून ते नायजेरियातील एन्सुका येथील विद्यापीठात शिकवत होते. तेथेच १९९८ च्या सुमारास त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक पिशवी टाकून दिलेली सापडली. आपण ज्याला ॲल्युमिनियमचे बूच म्हणतो, तेच हे. ही बुचे कापून, ठोकून चपटी करायची, कोठे मुरगळायची, कोठे गोल वळवायची, कडेला बारीक भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायची. हजारो बुचे जोडली की धातूचे असे वस्त्र तयार होते, की ते गोधडीसारखे घडी घालून नेता येते आणि भिंतीवर दर वेळी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येते. हे काम एका माणसाच्या हातून होणारे नाही. एन्सुकातील अनेक सहायक बसून तुकडे जोडतात आणि अनात्सुई त्यांची मांडणी ठरवतात.

मजुरी आणि कौशल्य यांपलीकडे एक गोष्ट उरते, ती म्हणजे निवड. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो माल आणला त्यात दारू होती. तिच्या बदल्यात माणसे घेतली गेली, ती माणसे अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यांत राबली, त्या उसाच्या मळीपासून रम तयार झाली आणि तीही पुन्हा या व्यापारात फिरली. त्या सगळ्या फेऱ्याचे आज हाती येणारे टोक म्हणजे हे बूच आहे. २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातील प्रचंड दालनात त्यांनी अशी अवाढव्य वस्त्रे टांगली; टेट हे नाव ज्यांच्यावरून आले ते हेन्री टेट साखरेचे कारखानदार होते, हे लक्षात घेतले म्हणजे बुचे तेथे का लटकत होती हे कळते.

आपल्याकडे जुन्या जिनिंगचे (सरकी काढण्याच्या कारखान्यांचे) लोखंड येत असेल, तर बिडाचा तुकडा फोडण्याआधी एकदा तारेच्या ब्रशने घासून पाहावा. अशा यंत्रांवर कारखान्याचे आणि गावाचे नाव पुष्कळदा ओतीवच असते. ते मिळाल्यास त्याचे छायाचित्र आमच्याकडे जरूर पाठवावे.